उलटं जुळवलेलं नाव

विभावरीचं जर्मन वाईट आहे हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती हसते. जर्मनीत, एश्बॉर्नमध्ये इतकी वर्षं काढूनही कुठल्या नामाला डेर, कुठल्याला डी आणि कुठल्याला दास लावायचं हा घोळ तिला सुटलेला नाही. मला सुटलाय असंही नाही, पण मी दडपून बोलते आणि ती गप्प बसते. त्यामुळे माइन्झ शहरातल्या एका जुन्या पद्धतीच्या छापखान्यात ती हौसेने फुकट राबायला जाऊ लागली, तेव्हा मी तिला वेड्यातच काढलं.

युरोपात पहिली पुस्तकं कशी छापत, ते तिथे करून दाखवतात. पहिल्या दिवशी ती शाईच्या वासानेच थबकली. काजळी आणि उकळलेलं जवसाचं तेल! "शुभा, अगं सगळं आपल्याच घरातलं," हे तिने मला कितीदा ऐकवलंय. छापखान्याचे मास्तर क्रेमर माहिती सांगत आणि ही मुकाट कागद ओलसर करी. कोरडा कागद शाई नीट घेत नाही, म्हणून सुती साडीला इस्त्रीआधी मारतो तसं पाणी मारायचं. मग लोकर भरलेले चामड्याचे दोन गोळे शाईत थोपटून खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवर, शाई लावायची. ते चामडं मऊ राहावं म्हणून पूर्वी लघवीत भिजवत, हे क्रेमर सांगत तेव्हा बघायला आलेली मुलं जाम खूश होत. बोलावं लागत नाही म्हणून विभावरीही खूश.

तिची अन्वी तेव्हा चौथीत होती. आईने मराठीत काहीही विचारावं, उत्तर जर्मनमध्येच यायचं. २००६च्या उन्हाळ्यात तिच्या वर्गाची सहल नेमकी त्याच छापखान्यात ठरली. आदल्या संध्याकाळी अन्वीने आईला जर्मनमध्ये बजावलं, तिथे तू बोलायचं नाहीस, सगळे हसतील. विभावरी "बरं" म्हणाली.

माझा विहान त्याच वर्गात, म्हणून मी मुलांच्या सोबतीला होते. एस-बान या लोकलमधून उतरून तिथे पोचल्यावर विभावरीने मला हे सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"मी असते तर चांगली झापली असती."

"जाऊ दे गं. तिला रोज त्याच वर्गात बसायचंय."

क्रेमरनी मुलांना आपापलं नाव जुळवायला दिलं. खिळ्यांवरची अक्षरं आधीच आरशातल्यासारखी असतात. ती डोक्यावर उभी करून डावीकडून लावायची, म्हणजे छापताना सरळ उमटतात. अन्वी तेव्हा मैत्रिणीशी कुजबुजत होती. तिने अक्षरं आपण वाचतो तशी सरळ उभी लावली. क्रेमर पलीकडे दोरीवर छापलेले कागद वाळत घालत होते. शाई लावायला आलेल्या विभावरीला चूक दिसली. तिचा हात अधांतरी थांबला. एका शब्दाचं काम होतं. तिने लेकीकडे पाहिलं, ओठ मिटले आणि शाई लावली. मला राग आला, दोघींचाही.

छापयंत्राचा दांडा ओढला गेला, कागद उचलला, आणि त्यावर Anviच्या जागी आलं ivnA, इव्ना. सगळा वर्ग खिदळायला लागला. "इव्ना, इव्ना!"

अन्वी लालबुंद झाली आणि गर्रकन आईकडे वळली.

"आई, तुला दिसत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

स्वच्छ मराठीत, सगळ्यांसमोर.

"तू नको म्हणाली होतीस," विभावरी हळूच म्हणाली.

अन्वीने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग वर्गाकडे.

"आता बोल," ती म्हणाली.

विभावरीने हात पुसले. अन्वीचे खिळे सोडवले आणि सगळ्या मुलांना जवळ बोलावलं. "आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी तिने सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्यात 'डेर'चं 'दास' झालं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

अन्वीने मागे वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.