बाबांची खोली सपाट केली त्याची गोष्ट

गेल्या रविवारी रास्ता पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मी चक्क जमिनीवर लिंबू सोडत बसले होते... वरच्या मजल्यावरची बाबांची खोली, सगळी लाकडी फळ्यांची. खिडकीपाशी सोडलेलं लिंबू पलंगाला वळसा घालून थेट मोरीच्या दाराशी जायचं. दर वेळी तिथेच!

बाबा इथे एकटे राहतात. काचबिंदूमुळे त्यांना फार थोडं दिसतं. दिवाळीनंतर एका वर आलेल्या फळीला अडखळून पडले, तेव्हा भाऊ म्हणाला, "आता पुन्हा पडलात तर सरळ कोथरूडला आमच्याकडे." बाबांना ते अजिबात नको होतं. म्हणून मी त्या रविवारीच सुतारकामाचे मिस्त्री बोलावले होते.

फळ्या उचलल्यावर लिंबाचं कोडं सुटलं. मोरीजवळ पूर्वी पाण्याचं मोठं पिंप असायचं, त्याच्या वजनाने खालची तुळई खचली होती. मिस्त्रींनी लाकडी पाचरी ठोकून उंची सारखी केली, वर प्लायवूड बसवलं. स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा अगदी मधोमध! मी कौतुकाने सांगितलं, तर बाबा म्हणतात, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तिरके होतो."

संध्याकाळी ते पलंगावरून उठले, थोडं चालले आणि मध्येच थांबले. हात पुढे करून म्हणाले, "अगं, खिडकी कुठाय?"

सगळा जन्म काढला त्या खोलीत त्यांना खिडकी सापडेना... आणि ही करामत माझी. आता त्यांना कोथरूडला जावं लागणार, आणि तेही माझ्यामुळे!

"आत्तापर्यंत कसं कळायचं हो?" मी विचारलं. मग मीच डोळे मिटून, जुनी खोली आठवत चालून पाहिलं... चढ लागला की खिडकी, उतार लागला की मोरी!

"हो की," बाबा थक्क झाले. "पायांना माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही त्यांना."

मग आम्ही दोघं अनवाणी खोलीभर फिरत बसलो. प्लायच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यावर बाबांचा पाय थबकला. "इथे काहीतरी लागतंय..." आणि माझी ट्यूब पेटली.

सोमवारी मिस्त्रींना परत बोलावलं. "ताई, नव्या प्लायवर चरे मारायचे?" त्यांना माझ्या डोक्याची शंका आली असावी. पण मारले. खिडकीच्या वाटेवर उभे, मोरीच्या वाटेवर आडवे, तळव्याला जाणवतील इतपतच.

बाबा पाय घासत सावकाश निघाले. खिडकीशी पोचले, कडी काढली. परत आले, मोरीपर्यंत गेले.

मग पलंगावर बसून त्यांनी भावाला फोन लावला. "रविवारी येतो तुमच्याकडे," म्हणाले. "जेवायला. नंतर घरी आणून सोडायचं."

मी पटकन पाठ फिरवली... डोळे भरून आले होते. बाबांचं घर बाबांकडेच राहिलं, याहून जास्त मला खरंच काही नको होतं.