डब्यावरचा शिक्का

मला भलत्या वेळी हसू येतं. हा जुना आजार आहे. चुलत आजोबांच्या दहाव्याला आलं होतं, नोकरीच्या मुलाखतीत आलं होतं. त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी, गुलटेकडीच्या उतारावर, स्कूटर चालवता चालवता बाबा शांतपणे "ब्रेक नाहीत" असं म्हणाले तेव्हा मागे बसून मी काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण आधी बाबांविषयी सांगते. बाबा खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. सुटे भाग मोजायचे आणि केसभर फरक निघाला तरी परत पाठवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर सगळं तपासणी खातं आमच्या घरात आलं. दिवाळीत आईच्या चकल्या डब्यात भरताना ते एक चकली उचलतात आणि म्हणतात, "ही या घाण्यातली वाटत नाही." नारळवाला बाबांना लांबून येताना बघतो आणि नारळ झाकतो, अशी माझी शंका आहे.

फक्त एका गोष्टीपुढं बाबांचं काही चालत नाही. शिक्का. तपासल्याचा शिक्का दिसला की बाबा ती वस्तू उलटून बघत नाहीत. कारण तो शिक्का आयुष्यभर त्यांनी स्वतः मारला. शिक्का आहे म्हणजे कुठंतरी त्यांच्यासारखाच एक गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून ती वस्तू हातात घेऊन बसला असणार, ही त्यांची पक्की समजूत.

दसऱ्याला संध्याकाळी आई बाबांच्या मागे बसून खडकवासल्याला मावशीकडे सोनं द्यायला जाते. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे, एकही दसरा चुकलेला नाही. एवढ्या लांब आईला मागे बसवून न्यायचं, म्हणून बाबांनी दोन दिवस आधी पुढचे-मागचे ब्रेक नवे घालायचं ठरवलं. दुकानदारानं ब्रेकच्या पट्ट्यांचे दोन डबे पुढं केले. एक कंपनीचा, साधा. दुसरा निम्म्या किमतीचा, पण त्यावर गोल, निळा, चकचकीत शिक्का: तपासून पास. बाबांनी दुसरा घेतला आणि पट्ट्या तिथंच बसवूनही घेतल्या. स्वस्त म्हणून नव्हे हं. घरी येऊन मला म्हणाले, "कंपनीच्या डब्यावर साधा शिक्कासुद्धा नाही. आजकाल कुणाला काही पडलेलं नाही."

दोन दिवस ब्रेक मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखे ओरडत होते. "नवे आहेत, बसतील," बाबा म्हणाले.

दसऱ्याला सकाळी आम्ही दोघं मार्केट यार्डात फुलं आणायला गेलो. बाबांनी झेंडूचं एकेक फूल उलटं करून देठ तपासला. फूलवाली म्हणाली, "काका, हार करायचाय का लग्न लावायचंय?" अखेर एक पोतं बाबांच्या पायाशी, एक माझ्या मांडीवर, खांद्यावर आंब्याचे टाळे आणि दातांत धरलेली साळीच्या लोंब्यांची जुडी, अशी आमची वरात निघाली.

उतार लागला. खालून खट् असा आवाज आला आणि ब्रेकचं ओरडणं एकदम थांबलं. मला वाटलं, बसले.

"ब्रेक नाहीत," बाबा म्हणाले.

मी लोंब्या थुंकल्या. "म्हणजे?"

"मागचा गेला. पुढचा लागत नाहीये." थोडं थांबून, "म्हणजे दोन्ही नाहीत."

झालं. मला जे हसू फुटलं ते आवरेना. बाबा हॉर्नवर अंगठा दाबून ओरडायला लागले, "अहो, बाजूला! आपण जरा बाजूला व्हा!" मरायची वेळ आली तरी "आपण"! पांढऱ्या टोपीतले एक आजोबा जागचे हललेसुद्धा नाहीत. "आधी गाडी चालवायला शिका," म्हणाले. आम्ही त्यांच्या कोपराला वारा घालून पुढं गेलो. "पाय टेकव!" बाबा ओरडले. मी टेकवले, तर एक चप्पल मागे राहिली. मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि घाबरलेही होते. दोन्ही एकदम होतं, खरंच होतं.

समोर चौक दिसायला लागला तेव्हा बाबांनी डावीकडं बघितलं. एका नव्या इमारतीपुढं वाळूचा ढीग होता. त्यांनी स्कूटर सरळ त्यात घातली.

पुढचं चाक अर्धं आत गेलं. मांडीवरचं पोतं फुटलं आणि सगळा झेंडू आमच्याही पुढं उतारावरून चौकाकडं धावत सुटला. कुणाला खरचटलंही नव्हतं. लोक जमले. एक गृहस्थ हातातली पिशवी सावरत म्हणाले, "सीमोल्लंघन संध्याकाळी असतं."

मग मात्र बाबाही हसले. वाळूत बसून, टोपलीएवढं तोंड करून, पोट धरून. आम्हाला हसताना बघून लोक कंटाळून निघून गेले.

जवळच एक गॅरेज होतं, तिथं स्कूटर ढकलत नेली. आत पाटावर सगळे पाने, पक्कडी मांडलेल्या, वर हळद-कुंकू. मालक हात जोडून म्हणाले, "आज हत्याराला हात नाही." मग माझ्या अनवाणी पायाकडं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी कोपऱ्यातला एक गंजका पाना काढला. "हा पूजेत घेतला नाही. फक्त उघडून बघतो."

मागच्या ब्रेकची पट्टी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली होती. पुढच्याची काळी पूड झाली होती. "नुसतं चिकटवलेलं आहे," ते म्हणाले. "डबा बघितला नव्हता का?"

"शिक्का होता," बाबा म्हणाले.

"अहो काका, जो डबा छापतो तोच शिक्काही छापतो."

बाबांनी ती पट्टी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, चष्मा कपाळावर ढकलला. नखानं खरवडली तर ती नखात आली. त्यांनी ते नख शर्टाला पुसलं, आणि माझं हसू त्या दिवशी पहिल्यांदा थांबलं. मला फार वाईट वाटलं.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "आईला पंक्चर सांगू." मला पुन्हा हसू यायला लागलं होतं. बाबांनी मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते कळलं नाही.

संध्याकाळी आई नवी साडी नेसून, आपट्याची पानं पदरात बांधून दारात उभी राहिली. "काढा गाडी."

"रिक्षानं जाऊ," बाबा म्हणाले.

"खडकवासल्याला? रिक्षानं? तब्येत बरी आहे ना?"

मी "पंक्चर" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी सगळं सांगून टाकलं. दोन डबे, शिक्का, उतार, वाळू. अगदी मोजून-मापून, काही न वगळता. शेवटी म्हणाले, "मी उलटून बघितलं नाही. काल तू मागे बसली होतीस. मंडईत जाऊन आलो आपण."

आता आई ओरडेल म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. आई ओरडली नाही. तिनं पदराची गाठ पुन्हा घट्ट केली.

"मला काय कळणार," ती म्हणाली. "मी तर तुमच्या मागे डोळे मिटूनच बसते. पहिल्यापासून. तुम्ही पुढं असताना मी कशाला बघायचं?"

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून तिच्याकडं बघितलं.

"बघत जा," ते म्हणाले. "यापुढं बघत जा."