पहिला श्वास डॉक्टरांचा

दुपारच्या सुट्टीत मी शाळेच्या ओट्यावर वह्या तपासत होतो. दवाखान्याचा कंपाउंडर समोरून अगदी सावकाश चालत आला, आणि त्या चालण्यावरूनच मला काय ते कळले. "मास्तर, आपले डॉक्टर... खुर्चीतच," एवढेच तो बोलला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर भास्कररावांच्या तोंडावर रबरी मुखवटा तसाच होता. खोलीत रोगी कुणी नव्हता. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला.

ते जव्हार संस्थानच्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा त्यांच्या सामानात एक जड लोखंडी टाकी होती, डहाणूपर्यंत आगगाडीने आणि पुढे घाटातून बैलगाडीने आलेली; रिकामी झाली की तशीच दुसरी येई. तिच्यात नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू होता. मुखवट्यातून चार-सहा श्वास घेतले की माणूस कधी हसे, मग गुंगीत जाई, आणि तेवढ्यात दाढ निघे. "पण यात साधी हवा नाही, मास्तर. बेतानं द्यायचा. ओठ निळे दिसले की थांबायचं," ते मला समजावीत.

पण मुखवटा लावून घ्यायला कुणी तयार होईना. साखरशेतचा लहानू गाल सुजवून आला आणि दाराशीच अडला. त्याची बायको म्हणाली, "हसवायची हवा हाय म्हणं! घरात कदी हसला नाय, हितं काय हसंल?" इकडच्या पाड्यांवर औषध देणारा आधी स्वतः घोट घेतो, मग रोग्याला देतो. हे मीच डॉक्टरांच्या कानात सांगितले... मीच. त्यांनी लगेच मुखवटा स्वतःच्या नाकाला लावला, दोन श्वास घेतले आणि खुदकन हसले. लहानू म्हणाला, "आता द्या." त्या दिवसापासून प्रत्येक रोग्याआधी पहिला श्वास डॉक्टरांचा, असा रिवाजच पडला.

वर्षे गेली. एका संध्याकाळी फिरताना त्यांची एक वहाण मागे राहिली आणि त्यांना पत्ताच नाही. मी ती उचलून आणली तेव्हा म्हणाले, "पाय बधिर झालेत. गोणपाटावरून चालल्यासारखं वाटतं. या वायूनंच असेल. पुस्तकात मात्र कुठं सापडत नाही."

"मग सोडा ना."

"लहानूच्या लोकांना काय सांगू?" ते हसले. मग वहाण पायात चढवत म्हणाले, "खरं सांगू? रोगी नसला तरी घेतो. ही गेल्यापासून दिवसातलं तेवढंच अर्धं मिनिट तिची आठवण येत नाही."

दरबारात सांगून मला ती टाकी कुलपात ठेववता आली असती. मग त्यांची नोकरी गेली असती, ते जव्हार सोडून गेले असते, आणि ज्याच्याशी पुस्तकांवर बोलावे असा माणूस मला उरला नसता. मी गप्प राहिलो. माझ्या एकटेपणाच्या भीतीपायी राहिलो, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानंतर मी एवढेच केले, की फिरताना त्यांच्या उजव्या हाताला राहून पुढची जमीन सांगत गेलो. ते म्हणत, "मास्तर, तुम्ही माझे पाय झालात." अजूनही संध्याकाळी मी त्याच वाटेने जातो. काल उतारावर माझ्या तोंडून गेले, "इथं दगड सुटलेत, जपून..." आणि त्यांचे पाऊल पडण्याची वाट पाहत मी थांबून राहिलो.