आईचा बिनकानाचा कप

आज कपाट आवरताना तो बिनकानाचा कप हाती आला. विसळायला गरम पाणी ओतलं तसा मातीचा वास आला, आणि बाबा आठवले.

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा नागपूरहून आमच्याकडे इथे परदेशात, मेनूथला आले होते. दिवसदिवस बोलायचे नाहीत. शेवटी एका रविवारी मी त्यांना गाडीत घातलं आणि इथे स्थायिक झालेल्या जपानी कारागिरांकडे घेऊन गेले. मलिंगारजवळ हातकागद करणाऱ्या बाईंकडे ते गप्पच होते. लिमरिकजवळच्या म्हाताऱ्या कुंभाराकडे मात्र त्यांनी एकेक कप उचलला आणि माठ घेताना वाजवतात तसा कानाशी धरून टिचकीने वाजवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंभार हसला, त्यानेही एक वाजवून दाखवला.

सारखे वाजणारे दोन कप बाबांनी बाजूला काढले. "हा माझा, हा तुझ्या आईचा."

आई गेली हेच विसरले की काय, म्हणून मला धस्स झालं. मी दोन्ही कपांचे पैसे दिले.

नागपूरला परतताना त्यांनी बॅगेत एकच कप घातला.

"तिचा इथेच राहू दे," म्हणाले. "तिला यायचं होतं ना तुझ्याकडे."