आतलं पाणी

माझा थोरला भाऊ अरविंददादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच्याच दातांच्या दवाखान्यासाठी फ्रिजमधून बर्फाच्या कांड्या काढत होते. बोटभर रबरी नळ्यांना एका बाजूनं बूच लावून त्यात पाणी गोठवायचं, आणि सकाळी कंपाउंडरच्या हाती थर्मासमधून पाठवायचं. बारा वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी कंपाउंडर आला तो थर्मास न घेता, हाच निरोप घेऊन...

ह्या कांड्या सुरू झाल्या त्या दादाच्या एका चुकीपायी. कामठीला मागावर कापड विणणारे नामदेवराव त्याच्याकडे आले होते. चहाचा घोट घेतला की ठणका, गार पाण्याची गुळणी धरली की आराम. म्हणून पाण्याची बाटली सोबतच. त्यांनी बोट ठेवलं तो दात दादानं काढला. दुसऱ्या दिवशी ते परत आले, बाटलीसकट.

दादानं शेजारच्या माझ्या घरून बर्फ मागवला. मीच घेऊन गेले, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. बाटली बाजूला ठेवून त्यानं त्यांना गरम चहा पाजला. ठणका उठल्यावर बर्फाचा खडा एकेका दाताला लावत गेला. एका दाढेशी कळ थांबली. काढलेला दात तिच्या शेजारचा.

"कालचा दात चांगला होता. चूक माझी आहे," दादा म्हणाला.

"मीच तं दाखवला होता, साहेब."

"दाखवणं तुमचं काम. तपासणं माझं होतं."

दादा तसा तोंडाचा फटकळ, माफी मागताना मी त्याला तेवढं एकदाच पाहिलं. तो चांगला दात त्यानं उभा कापून मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आत केसाहून बारीक हजारो नळ्या होत्या. त्यांत द्रव असतो. गार लागलं की तो झटकन बाहेरच्या बाजूला सरकतो, गरम लागलं की हळूहळू आत, आणि आतल्या टोकाशी बसलेल्या शिरेला ओढ बसते. दाताला थंड-गरम असं निराळं कळत नसावं, आतलं पाणी हललेलं कळतं, असं तो म्हणायचा. नामदेवरावांच्या दाढेसारखी आतून सुजलेली दाढ मात्र गारव्यानं तेवढ्यापुरती शांत होते. शिवाय ठणका जोरात असला की दुखतो कुठला दात, हे माणसाला नेमकं सांगता येत नाही. त्या दिवसापासून कांडी लावल्याशिवाय त्यानं एकही दात काढला नाही.

गेल्या आठवड्यात नामदेवराव भेटायला आले. दादाच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेबानं चूक सांगतली नसती तं मले कधी समजलंच नसतं. म्हणूनच मी दुसरीकडं गेलो नाही, बाई."

ते घरी परतल्यावर मी फ्रिज उघडला. दुपारी वीज गेली होती, त्या दिवशी तशाच राहिलेल्या कांड्या वितळून खाली तळं झालेलं. ते पुसलं. नळ्या धुतल्या. दवाखाना बंद आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी त्यांत पुन्हा पाणी भरलं.