प्रतीक्षायादीवरची मिस ओडेसा

अमेरिकेतल्या नेवार्क शहराच्या साउथ वॉर्डात अनोळखी नंबरचा फोन कुणी उचलत नाही. ज्यांच्या दारात सायकलसुद्धा नाही त्यांनाही गाडीचा विमा विकणारे भामटे दिवसातून चारदा छळतात, मग उचलणार कोण? आणि तिथल्या चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतःच्या कारभाराने चालणाऱ्या बिनफीच्या शाळेत, प्रवेशाच्या सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांना जागा झाली की कळवतात ते फोननेच. त्याच दिवशी पाचच्या आत येऊन सही केली नाही, तर जागा पुढच्याला. नियम करणाऱ्याने वस्तीत एक आठवडा काढायला हवा होता.

शाळेच्या कचेरीतली ओडेसा पेटीफर्ड, वस्तीच्या आदराच्या रीतीने 'मिस ओडेसा', हे पुरतं ओळखून होती. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तरतरीत. ती तीनदा फोन लावायची आणि मग पर्स उचलून चालू पडायची.

"मिस ओडेसा, हे तुमचं काम नाही," मुख्याध्यापक म्हणायचे.

"मग कुणाचं ते सांगा, त्याला धाडते."

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी पहिलीत एकच जागा झाली. यादीत पहिलं नाव झनाया गॅस्किन्स, सांभाळणारी आजी व्हर्नेल. फोन तीनदा नुसताच वाजला. ओडेसा घरी गेली तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती पार्लरात. रविवारी चर्चमध्ये मोठा कार्यक्रम आहे ना!"

पार्लरात पोचेपर्यंत साडेचार होऊन गेले होते. डोकंभर रोलर लावून व्हर्नेल ड्रायरखाली बसली होती.

"काही विकायला आली असशील तर आल्या पावली परत जा."

"द्यायला आलेय. झनायाला शाळेत जागा मिळालीय. पाचच्या आत सही हवी."

"अगं बाई! तो फोन तुझा होता? मी विमावाला समजून न उचलताच शिव्या घातल्या."

"घातल्या त्या पावल्या. ऊठ आता."

"अशी? रोलर घेऊन बर्गन स्ट्रीटवरून? जन्मात अर्ध्या केसांनी उंबरा ओलांडला नाही मी!"

"नात मोठी की केस?" केस करणारीनेच दटावलं आणि अंगावरचा टॉवेल ओढून घेतला.

निघाली बिचारी. ज्या बाईला चर्चमध्ये कुणी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं, ती गुलाबी रोलर मिरवत पाच चौक तरातरा चालली. न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा एक म्हातारा ओरडला, "मिस व्हर्नेल, मंगळावरचे संदेश पकडताय की काय?"

"तुझ्या टकलावर तेवढीही सोय नाही!" व्हर्नेल न थांबता म्हणाली.

पाचला सात मिनिटं कमी असताना सही झाली. व्हर्नेल खुर्चीत मटकन बसली आणि रडू लागली. मग डोळे पुसत तिने विचारलं, "फोन उचलला नाही तर कोण येतं गं दारात? तू का आलीस?"

ओडेसाने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते आज व्हर्नेलला सांगितलं. वीस वर्षांपूर्वी याच शाळेतून तिच्या मुलीसाठी, रोशेलसाठी, फोन आला होता. तिनेही तो उचलला नाही. जागा गेली. रोशेल आता गोदामात रात्रपाळी करते, आईला कधी बोल लावत नाही, आणि तेच आईला जास्त लागतं.

व्हर्नेल उठली, ओडेसाचे दोन्ही हात धरले आणि तिथेच, प्रिंटरशेजारी, मोठ्याने प्रार्थना करू लागली.

"देवा, तुझे उपकार कसे फेडू! पण माझ्या नातीचं मागाहून बघ. आधी रोशेलकडे बघ. तिची आई दारोदार फिरून दुसऱ्यांची लेकरं आत आणतेय, तिचं लेकरू विसरू नकोस."

रोशेलसाठी देवाकडे असं मागणारं दुसरं कुणी आजवर भेटलं नव्हतं. ओडेसाने "आमेन" म्हटलं ते इतक्या मोठ्याने, की मुख्याध्यापक दार उघडून बाहेर आले.