राबावरून गेलेली वायर

प्रबुद्धच्या हाताला थांबायची सवय नव्हती. कुणाचं काय चुकलं ते डोकं अजून शोधत असायचं, तोवर हात जाऊन आलेला असायचा. सातवीत असताना मेघाला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, एका मुलानं वेडावलं, तर यानं पाटीच्या कडेनं त्याचे पुढचे दोन दात पाडले. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यानं बापावरून शिवी दिली; त्याला लेथवर आडवा केला आणि स्वतः कायमचा घरी आला. लग्न ठरलं होतं, ते साखरपुड्यातच मोडलं. होणाऱ्या मेव्हण्यानं जेवणाच्या पंगतीत वनिताबाईंना, त्याच्या आईला, "तुमी नंतर बसा" म्हटलं होतं. मेव्हण्याचा जबडा महिनाभर बांधलेला होता.

आता तो कुंभिवलीला लोखंड ठोकायच्या कारखान्यात होता. लालभडक गज सांडशीत धरायचा, वरून यंत्राचा घण आदळायचा. "दिवसभर हाणायचं आणि वर पगार मिळतो. देवानं नाय, सायबानंच लिहून ठेवलेली नोकरी," असं म्हणून तो आपल्या गावच्या, पोशीरच्या नाक्यावर स्वतःच हसायचा. हसताना दिसायचा मात्र लोभस. वाडीतल्या म्हाताऱ्या त्याला घाबरायच्या आणि आजारी पडल्या की त्यालाच हाक मारायच्या, कारण पाठीवर घेऊन दवाखान्यात पळणारा तोच एक होता.

हातून न मोडलेली एकच गोष्ट त्याच्या आयुष्यात होती, ती म्हणजे मेघा. ती गोव्याच्या एका संशोधन संस्थेत होती. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावर काजळी बसते, बर्फ काळवंडतो, ऊन धरून ठेवतो आणि लवकर वितळतो. ती काजळी कुठल्या आगीतून आली, हे मेघा तपासायची. बर्फाचे नमुने दुसरे लोक आणायचे, ती बाटल्यांवर काम करायची. ध्रुव तिनं पाहिलेला नव्हता. या विषयाची माणसं जगभर विखुरलेली, कुणी नॉर्वेत, कुणी चिलीत; ती सारखी सारखी कुठं जमणार? म्हणून त्यांच्या परिषदा बऱ्याचदा ऑनलाइनच व्हायच्या, आणि मेघाचा ध्रुव म्हणजे लॅपटॉपवरचे ते लहान लहान चौकोन.

आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून मेघा दोन महिने घरी राहायला आली, तेव्हा प्रबुद्धही हे चौकोन बघायला लागला. कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूला, जमिनीवर मांडी घालून बसायचा. इंग्रजी कळत नव्हतं, पण माणसं ओळखीची झाली होती. एक टोपीवाला होता, घरातही लोकरी टोपी काढत नसे. एका बाईच्या मांडीवर मांजर असायचं. न्यूझीलंडचा एक पोरगा आपली पाळी येईपर्यंत डुलक्या काढायचा. "त्याला उठव गं कुणीतरी, घोरंल तो," असं प्रबुद्ध कुजबुजायचा, आणि मेघा ओठ आवळून हसू दाबायची.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तरुण संशोधकांची अशीच परिषद होती. बारा मिनिटांत आपलं काम सांगायचं, मग प्रश्न. त्यातून एका जणाला शरद ऋतूत ध्रुवाकडे जाणाऱ्या संशोधन जहाजावर जागा मिळणार होती. मेघानं हे घरात एकदाच सांगितलं. प्रबुद्धनं ते वाडीला पंचवीसदा सांगितलं.

त्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि सकाळपासून शांतता करत फिरला. वाघ्या कुत्र्याला दगड मारून ओढ्यापलीकडे पिटाळलं. गोमाच्या दारी हळद होती, तिथं कमलेशचं डीजे मशीन लागलं होतं. प्रबुद्ध मांडवात शिरला.

"चार ते पाच बंद ठेवायचं."

"दादा, सुपारी घेतलीय. हळद काय मुकी लावायची?"

प्रबुद्धनं मूठ सरळ स्पीकरच्या पडद्यात घातली. पडदा फाटला, आतून वायरी लोंबायला लागल्या. मनगटाला रक्त आलं. "एक ऱ्हायला. त्याचं पन करू?"

मशीन बंद झालं. नवऱ्या मुलाची मावशी चिडून म्हणाली, "तुझ्या लग्नात तर वाजवायचा चान्सच नाय, आमच्यात तरी वाजू दे मेल्या." तो मनगट पुसत मांडवाबाहेर पडला.

घरी आला तर आई खाटेवरून म्हणाली, "अरे, ती बर्फावर बोलनार हाय. तू कशापायी तापतोस?"

चार वाजता चौकोन उघडले. टोपीवाला आला, मांजरवाली आली. मेघाची पाळी तिसरी होती. दुसरा वक्ता बोलत असताना त्याचं तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं. सगळे चौकोन गोठले.

"दादा, नेट गेलं."

घरात येणारी वायर प्रबुद्धनं स्वतः टाकली होती. भात निघाल्यावर, थंडीत. रस्त्यानं खांबाखांबावरून आणायची तर वाडीला वळसा पडत होता, म्हणून त्यानं ती चुलत्याच्या, रामभाऊच्या शेतातल्या एका उघड्या तुकड्यातून जमिनीवरनं सरळ ओढली आणि वर दोन बोटं माती लोटली. रामभाऊला विचारलं नाही; दोन्ही घरांचं बांधावरून बोलणं बंद होतं. तो तुकडा राबाचा आहे, हे पोशीरच्या कुठल्याही पोराला कळलं असतं. दर उन्हाळ्यात तिथं शेण, पाला, टहाळ यांचा थर रचून तो भाजतात आणि पावसाच्या तोंडाला त्या भाजलेल्या मातीत भाताचं बी टाकतात. पण प्रबुद्धनं शेतात पाय टाकून पंधरा वर्षं झाली होती. त्याच्या डोक्यात आग म्हणजे फक्त कारखान्याची भट्टी.

त्या दुपारी माथेरानच्या अंगाला आभाळ काळं झालं. अवकाळी सर आली तर महिनाभर रचलेला राब भिजणार, म्हणून रामभाऊनं घाईनं काडी लावली होती.

प्रबुद्ध दारात आला, वायरीच्या मागं नजर नेली आणि त्याला धूर दिसला. त्यानं कुडाला खोचलेला कोयता उपसला. आई किंचाळली. मेघानं त्याचा शर्ट धरला तो फाटून तिच्या हातात राहिला.

रामभाऊ साठीचा, पण अंगानं चिवट. हिरवी फांदी घेऊन राबाच्या कडेची आग झोडपत होता.

"ए रामभाऊ!"

"काका म्हन. दात हायेत अजून मला."

"वायर जाळलीस तू!"

"माझ्या राबात तुझी वायर काय करत होती रं? पेरलीवतीस? पीक येनार होतं का तिला?"

"पोरीचं वाटोळं केलंस!"

"कुनी? मी? आरं, कारखान्यात ऱ्हाऊन शेत इसरलास, आता अक्कल पन—"

कोयता फिरला. प्रबुद्धनं तो शेवटच्या क्षणी उलटा केला, म्हणून धारेऐवजी बोथट पाठ बसली. रामभाऊच्या खांद्याचं हाड वाजलं. रामभाऊनं जळती फांदी त्याच्या तोंडावर ओढली. भुवई जळाली, डोळ्यांत राख गेली. आंधळ्यासारखं चाचपडत प्रबुद्धनं कोयता टाकला, चुलत्याची गचांडी धरली आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. एकदा. पुन्हा एकदा. रामभाऊनं त्याचा अंगठा चावला, तो हाडापर्यंत. मग प्रबुद्धनं त्याला ढकललं.

राब वरून राखाडी दिसतो. आत निखारा असतो. रामभाऊ पालथा पडला आणि स्वतःला सावरायला त्यानं दोन्ही हात खाली टेकले. ते कोपरापर्यंत आत गेले.

तो आवाज प्रबुद्धनं कारखान्यात रोज ऐकला होता, लाल गज पाण्यात घातल्यावर येतो तसा. त्यानंतरची किंकाळी मात्र त्यानं कधी ऐकली नव्हती. त्यानं आगीत पाय घातला, चुलत्याला कमरेला धरून उपसलं आणि खांद्यावर टाकलं. रामभाऊच्या मनगटाला हात लागला तर साल त्याच्या पंजात आली.

तो रामभाऊच्या घराकडे धावला, कारण तेच जवळ होतं. गोठ्यामागं पोचला आणि थबकला.

पुढच्या ओट्यावरून मेघाचा आवाज येत होता, इंग्रजीत. वाडीत फोनची रेंज धड मिळायची ती याच उंच ओट्यावर. प्रबुद्ध शेताकडे धावला तेव्हा मेघा लॅपटॉप छातीशी धरून इकडं पळाली होती, आणि रामभाऊच्या सोनालीनं, तिच्या चुलत बहिणीनं, बांधाचं भांडण बाजूला ठेवून आपल्या फोनचं नेट लॅपटॉपला जोडून फोन धान्याच्या डब्यावर उभा करून दिला होता. मेघा बोलत होती. थांबत नव्हती, अडखळत नव्हती.

"घरात ने रं, मेलो... पानी—" रामभाऊ ओरडायला लागला.

आणि प्रबुद्धनं त्याच्या तोंडावर पंजा दाबला.

पुढं जन्मभर त्याला सांगता आलं नाही की तो पंजा किती वेळ तिथं होता. चुलता खांद्यावर मासोळीसारखा तडफडत होता, जळलेले हात गोठ्याच्या भिंतीवर आपटत होता, आणि हा भिंतीला टेकून, दात खाऊन, ओट्यावरची इंग्रजी ऐकत होता. एवढं होऊ दे. एवढं होऊ दे, मग नेतो.

सोनाली टाकीवर पाणी भरायला मागं आली. तिला काय दिसलं? रक्तानं भरलेल्या तोंडाचा चुलत भाऊ, आणि त्याच्या पंज्याखाली डोळे पांढरे झालेला आपला बाप. धुण्याच्या दगडावर धोपटणं पडलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि प्रबुद्धच्या डोक्यात घातलं. तो गुडघ्यावर आला. पंजा सुटला नाही. तिनं पुन्हा घातलं.

"मारला गं! बापाला मारला माझ्या!"

मेघा उठून गोठ्यामागं धावली. जगभरच्या चाळीस माणसांनी रिकामी खुर्ची, मागचा धूर आणि एका बाईची किंकाळी बघितली-ऐकली. लॅपटॉपमधून कुणीतरी सारखं "मेघा? मेघा?" म्हणत होतं.

तिनं भावाकडं पाहिलं, मग मूठ वळून त्याच्या तोंडावर मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "सोड त्यांना!"

त्यानं सोडलं. रक्तानं मिटत आलेले डोळे उघडायचा प्रयत्न करत विचारलं, "तुझं बोलून झालं का?"

तिला त्या प्रश्नाचीच भीती वाटली. ती काकांच्या हातांवर पाणी ओतायला लागली.

टेंपोतून दोघांनाही कर्जतला नेलं. रामभाऊचे हात वाचले, डाव्या हाताची दोन बोटं वाचली नाहीत. पोलीस आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, घरातलं प्रकरण म्हणून म्हातारा मिटवील. रामभाऊनं काही मिटवलं नाही. "पुतन्यानं मारलं. आगीत ढकललं. तोंड दाबलं. लिवा," म्हणाला. आणि मग, "बाहेर काढलं पन त्यानंच. ते बी लिवा." प्रबुद्धला अटक झाली, मग जामीन मिळाला. डोक्याला टाके होते.

मेघानं परिषदेच्या लोकांना जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. काही झाकलं नाही. उत्तर आलं की, तुझं सांगून जवळजवळ झालंच होतं, प्रश्न राहिले. ते बुधवारी विचारू.

"बुधवारी मी काय करू?" प्रबुद्धनं विचारलं.

"दादा, तू इथं नको थांबूस."

"गप बसतो मी. बाजूला."

"नको." ती रडली नाही. "तू माझ्यासाठी करतोस ना, त्याचीच मला भीती वाटते. तू असलास की माझं अर्धं लक्ष तुझ्या हाताकडं असतं. लहानपनापासनं."

तो उंबऱ्यावर जाऊन बसला. तिच्यासाठी दात पाडले, तेव्हा ती खूश झाली असेल असं तो वीस वर्षं धरून चालला होता.

बुधवारी कुठं जावं ते रामभाऊनंच ठरवलं. कर्जतच्या दवाखान्यातून सोनालीकडून निरोप धाडला, "त्याला माझ्यापुढं आनून बसवा. डोळ्यासमोर असला म्हंजे गाव सुखरूप." सोनालीला ते पटलं नव्हतं, ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला हाताची घडी घालून उभी राहिली. रामभाऊच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, म्हणून प्रबुद्धला त्याला पेज भरवावी लागली.

"फुंकर घाल. जीभ पन भाजतोस काय?"

प्रबुद्धनं फुंकर घातली.

"आता कसा गरीब झालास. बाईमानसासारखा भरवतोय बघ."

चमचा हवेत थांबला. सोनाली पुढं सरकली. प्रबुद्धची मान खाली गेली आणि चमचा म्हाताऱ्याच्या तोंडाला लागला, थोडी पेज सांडली. तिकडं पोशीरच्या ओट्यावर टोपीवाल्यानं मेघाला पहिला प्रश्न विचारला होता, मागचा धूर कसला होता म्हणून. राब म्हणजे काय हे सांगण्यात तिचा निम्मा वेळ गेला.

जहाजाची जागा तिला लगेच मिळाली नाही. आधी दुसऱ्या कुणाची निवड झाली, तो जाऊ शकला नाही, मग पावसाळ्यात तिचं नाव लागलं. निघायचा दिवस ठरला आणि कोर्टाची पुढची तारीख नेमकी त्याच दिवशी आली. त्यामुळे विमानतळावर आई आणि सोनाली गेल्या.

प्रबुद्ध मोटरसायकल काढून कर्जतला निघाला. वाडीच्या वळणावर रामभाऊ उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. फिर्यादीला वेळेवर पोचायचं होतं, एसटी चुकली होती आणि त्या हातांनी रिक्षाची दांडी धरून लोंबकळत जाणं जमणार नव्हतं.

"काय बघतोस? बसव," म्हणाला.

प्रबुद्धनं गाडी बांधाच्या कडेला टेकवली, खाली उतरला, चुलत्याला कमरेला धरून मागं बसवलं. रामभाऊला धरायला बोटं पुरत नव्हती, म्हणून त्यानं दोन्ही दंड पुतण्याच्या पोटाभोवती घालून आवळले.

नेरळच्या रेल्वे फाटकापाशी थांबला असताना फोन वाजला. मेघाचा होता, विमानतळावरून.

"दादा, तारखेला गेलास? कुनाबरोबर?"

"काका हायेत मागं."

"काय करतायत?"

"धरून बसलेत."

"पोरीला सांग, जा सुखानं," रामभाऊ मागून त्याच्या कानाशी ओरडला. "आनि तू गाडी हळू चालव. नायतर सायबाला सांगून अजून एक कलम लावीन."

फाटक उघडलं. प्रबुद्धनं फोन खिशात ठेवला आणि गाडी हळू घेतली.